विद्यार्थ्यांना आपत्कालीन अर्थसाहाय्य : महासाथीतील अनुभव आणि रुग्णालयाचे कर्तव्य

(न्यासाच्या वार्षिक सभेनिमित्त शनिशिंगणापूर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्ते महाविद्यालयीन अध्यापक असून महासाथीच्या काळात त्यांनी विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून काम पाहिले.)



रुग्णालयाच्या वार्षिक सभेत आरोग्याविषयी व्याख्यान व्हावे, असा प्रघात आहे. विश्वस्त मंडळाने या वेळी तो बाजूला ठेवला आणि महासाथीच्या काळात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना तातडीचे अर्थसाहाय्य कसे पोहोचले, कोठे अडले, याविषयी बोलण्याची आज्ञा केली. मी मंडळाचा ऋणी आहे. विषय रुग्णालयापासून दूरचा वाटेल. परंतु तो तसा नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आमच्या वर्गांतून जी मुले-मुली नाहीशी झाली, त्यांतील पुष्कळांच्या घरी त्याआधीच्या महिन्यांत कोणीतरी रुग्णालयात दाखल होते, किंवा घरचा धंदा बसला होता. कित्येक घरी दोन्ही झाले होते. डॉक्टरांनी रुग्ण बरा करून घरी पाठवला आणि त्याच आठवड्यात त्याच्या मुलीचे शिक्षण थांबले, तर रुग्णालयाच्या नोंदवहीत ती गोष्ट येत नाही. ती आमच्या हजेरीपटात, अनुपस्थितीच्या रूपाने येते. या दोन वह्या एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात, एवढ्यासाठी आज मी येथे उभा आहे.

आपल्या गावापासूनच आरंभ करतो. शनिशिंगणापूरचे अर्थकारण भाविकांच्या वर्दळीवर चालते, हे येथे कोणाला सांगायला नको. तेल, नारळ, रुईच्या पानांच्या माळा, काळे वस्त्र, घोड्याची नाल विकणारी दुकाने, शिर्डीहून भाविकांना घेऊन येणाऱ्या जीपगाड्या, रस्त्याच्या कडेला बैल जुंपून चालणाऱ्या रसवंत्या, लहान खानावळी, निवासाच्या खोल्या : या सर्वांवर पंचक्रोशीतील शेकडो चुली अवलंबून आहेत. मार्च २०२० मध्ये राज्यातील मंदिरे दर्शनासाठी बंद झाली. ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी, पाडव्याला उघडली. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, पुन्हा उघडली. म्हणजे दीड वर्षाच्या काळात एक वर्षाहून अधिक काळ चौथऱ्यासमोर भाविक नव्हता. ज्या रस्त्यावर शनी अमावास्येला पाय ठेवायला जागा मिळत नसे, त्या रस्त्यावर दुपारी कुत्री झोपलेली आपण पाहिली.

या घरांतील मुले सोनई, नेवासा, राहुरी, नगर, काही थेट पुण्याला शिकत होती. कागदावर ती गरीब नव्हती. येथे एक बारकावा आहे आणि तो माझ्या आजच्या सांगण्याच्या मुळाशी आहे. कोणत्याही शिष्यवृत्तीसाठी तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो दाखला गेलेल्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न सांगतो. जुलै २०२० मध्ये काढलेल्या दाखल्यावर दुकान व्यवस्थित चालू असतानाचे उत्पन्न लिहिलेले असे, आणि दाखला हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे दुकान चार महिने बंद असे. दाखला खोटा नव्हता. तो मागील वर्षाचा होता. आपत्ती मात्र चालू महिन्याची होती. ज्या गावची घरे दारांवाचून असतात म्हणून लोक दुरून कौतुकाने पाहायला येतात, त्या गावच्या मुलाला मदतीच्या खिडकीपर्यंत जाण्यासाठी एकामागून एक दाखल्यांची कुलपे उघडावी लागत होती, एवढे येथे नमूद करून पुढे जातो.

दुसरी बाजू रुग्णालयाच्या बिलाची. मे २०२० मध्ये राज्य शासनाने खासगी रुग्णालयांतील कोरोना उपचारांचे दर ठरवून दिले. साध्या विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, कृत्रिम श्वसनयंत्राविना अतिदक्षता विभागासाठी ७,५०० रुपये आणि श्वसनयंत्रासह ९,००० रुपये. हे दर लावले नसते तर सामान्य माणसाचे काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी. तरीही हिशेब करून पाहा. ठरवून दिलेल्या दरानेच दहा दिवस अतिदक्षता विभागात काढलेल्या माणसाच्या कुटुंबाला पाऊण लाख ते नव्वद हजार रुपये उभे करावे लागत. महागडी औषधे आणि काही तपासण्या त्यावर वेगळ्या. २३ मे २०२० च्या निर्णयाने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ राज्यातील सर्वांना खुला झाला, त्याने अनेकांना वाचवले. परंतु खाट मिळेल तेथे धाव घेण्याचे ते दिवस होते, आणि मिळालेली खाट योजनेतील रुग्णालयाची असेलच, असे नव्हते. अनुदानित महाविद्यालयातील कला किंवा विज्ञान शाखेचे वर्षाचे शुल्क अतिदक्षता विभागातील दोन-तीन दिवसांच्या खर्चाहून अधिक नसते. म्हणजे ज्या रकमेने एका मुलीचे शिक्षण वाचले असते, ती रक्कम त्या घराला मोठी वाटू नये अशी होती. पण घरात ती उरलेली नव्हती. शेळ्या विकल्या गेल्या होत्या, सोने गहाण होते, बचत गटाचे कर्ज उचललेले होते. आणि अशा घरात पहिली काटछाट होते ती मोठ्या मुलीच्या शिक्षणाची. त्या दोन वर्षांत थोडक्या लोकांत, थोडक्या खर्चात मुलींची लग्ने उरकण्याची घाई झाली, ती आपण सर्वांनी आपापल्या गावांत पाहिली आहे.

शासनाने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाची पीएम केअर्स फॉर चिल्ड्रेन योजना जाहीर झाली. आई-वडील दोघेही गमावलेल्या मुलासाठी वयाच्या तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये मिळावेत, अशी तिची रचना आहे. जून २०२१ मध्ये राज्य शासनाने अशा अनाथ बालकांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय घेतला. दोन्ही योजना मोलाच्या आहेत. मात्र दोन्हींची वयोमर्यादा अठरा वर्षांची. एप्रिल २०२१ मध्ये जो मुलगा एकोणीस वर्षांचा होता आणि बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता, तो या दोन्ही योजनांच्या बाहेर राहिला. त्याच्या सातवीतील बहिणीला ठेव मिळाली, त्याला नाही. आणि घर चालवण्याची जबाबदारी मात्र त्याच्यावरच आली. ज्यांचे एकच पालक गेले, त्यांची संख्या तर दोन्ही पालक गमावलेल्यांहून कितीतरी मोठी. आपल्याच जिल्ह्यातील शिक्षणकार्यकर्ते हेरंब कुलकर्णी यांनी कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीच्या माध्यमातून या विधवा भगिनींचा प्रश्न राज्यभर लावून धरला, त्याचा येथे आदराने उल्लेख करतो. मृतांच्या वारसांना पन्नास हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य देण्याच्या आराखड्यावर सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शिक्कामोर्तब केले आणि चाचणीपासून तीस दिवसांत झालेला मृत्यू कोरोनाचा धरावा, असे ठरल्यामुळे दाखल्यावरील कारणावरून अडलेली अनेक प्रकरणे सुटली. तथापि दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे महिन्यांत, कर्ता माणूस गेलेल्या घराला हा निर्णय पाच-सहा महिन्यांनी लाभला. तोवर महाविद्यालयाच्या प्रवेशाची मुदत उलटली होती.

तंत्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने स्वनाथ शिष्यवृत्ती सुरू केली. कोरोनाने आई किंवा वडील गेलेल्या विद्यार्थ्यालाही ती मिळू शकते. रक्कम वर्षाला पन्नास हजार रुपये. उत्तम योजना. परंतु ती शिष्यवृत्ती आहे. राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावरील योजनाही शिष्यवृत्तीच आहेत. अर्ज, महाविद्यालयाची पडताळणी, वरच्या कार्यालयाची पडताळणी, मग आधारशी जोडलेल्या खात्यात रक्कम. या साखळीत कोणाचा हेतू वाईट नसतो. सार्वजनिक पैसा आहे, तपासणी हवीच. पण दवाखान्याच्या भाषेत सांगायचे, तर शिष्यवृत्ती हा पथ्यपाण्याचा, दीर्घ मुदतीचा उपचार आहे. रक्त वाहत असताना तो उपयोगी पडत नाही. रक्त थांबवण्यासाठी जे लागते त्याला मी आपत्कालीन साहाय्य म्हणतो : रक्कम लहान, निर्णय दोन दिवसांत, पैसे थेट विद्यार्थ्याच्या हाती आणि परतफेडीची अट नाही.

अशा साहाय्याची गरज नेमकी कशासाठी पडते, याविषयी देणगीदारांच्या मनात बहुधा शुल्काचे चित्र असते. आमचा अनुभव निराळा होता. शुल्काला मुदत मिळत असे, हप्ते मिळत. प्राचार्य ऐकून घेत. अडत असे ते बारीकसारीक गोष्टींपाशी. नगरला किंवा पुण्याला खोली घेऊन राहणारी मुले मार्च २०२० मध्ये चार कपड्यांनिशी गावी परतली; भाडे थकले आणि पुस्तके, प्रमाणपत्रे खोलीत अडकली. भाडे दिल्यावाचून सामान नाही. कोणाच्या घरी एकच मोबाइल, तोही वडिलांबरोबर मळ्यात जाणारा. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील असा निर्णय दिला आणि ऑक्टोबरात बहुतेकांना मोबाइलवर किंवा संगणकावर परीक्षा द्यावी लागली. पडदा फुटलेल्या मोबाइलची दुरुस्ती ही तेव्हा शैक्षणिक गरज होती. कोणत्याही शिष्यवृत्तीच्या अर्जात तिच्यासाठी रकाना नव्हता.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने कमवा व शिका योजना चालते, हे आपण जाणता. मुले बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात काही तास काम करतात आणि त्या मानधनावर महिन्याचा खर्च भागवतात. महाविद्यालयाचे फाटक बंद झाले तशी ही कामेही थांबली. जी मुले कोणापुढे हात न पसरता स्वतःच्या कष्टावर शिकत होती, त्यांचाच आधार प्रथम सुटला, हे मला त्या काळातील फार कडू सत्य वाटते.

पुढे २० ऑक्टोबर २०२१ पासून महाविद्यालये उघडली, तेव्हा आता सर्व सुरळीत होईल असे वाटले. आठवडाभरात एस. टी. कर्मचाऱ्यांच्या संपास सुरुवात झाली. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. विद्यार्थ्याला एस. टी.च्या मासिक पासात दोन-तृतीयांश सवलत असते. गाडीच नसेल तर पासाचे काय करायचे? घोडेगावहून किंवा सोनईहून नगरला रोज खासगी जीपने जायचे तर पासाच्या महिन्याच्या रकमेत मोजके दिवस निघत. महासाथ ओसरली होती, वर्ग भरत होते, आणि मुली घरी होत्या, केवळ जीपच्या भाड्यापायी. आपत्ती कोणत्या रूपाने येईल हे आधी सांगता येत नाही, याचे याहून साधे उदाहरण माझ्यापाशी नाही. म्हणूनच निधीच्या नियमावलीत ‘अमुक कारणासाठीच’ अशी यादी करू नये, असे माझे मत आहे.

त्या दिवसांत ठिकठिकाणी अध्यापकांनी आपसांत वर्गणी काढून लहान निधी उभे केले. आमचाही त्यांपैकी एक होता. त्याच्या रकमेचे आकडे सांगून मी आपला वेळ घेणार नाही. आपल्या एका वॉर्डाच्या महिन्याच्या औषधखर्चापुढे ते काहीच नव्हेत. सांगण्यासारखे आहे ते निराळे. ‘ज्यांना गरज आहे त्यांनी अर्ज करावा’ अशी सूचना लावली की पहिल्या दिवशी येतात ती बोलकी, धीट मुले. त्यांनाही गरज असते. पण ज्यांचे शिक्षण खरोखर सुटण्याच्या बेतात असते, ती मुले येतच नाहीत. गरिबीहून लाज मोठी असते. विशेषतः जे घर कालपर्यंत चांगले चालत होते त्या घराची लाज. ती मुले शोधावी लागतात. आम्ही ऑनलाइन तासांचे हजेरीपट काढून बसलो आणि पंधरा दिवस सलग न दिसलेल्या प्रत्येकाला दूरध्वनी केला. बहुधा पलीकडून आई बोलत असे. ‘सर, ती आता कांद्याच्या खुरपणीला जाते,’ एवढे एकच वाक्य पुष्कळदा पुरेसे असे.

याच प्रश्नाला सातासमुद्रापलीकडे किती मोठ्या प्रमाणावर तोंड द्यावे लागले, तेही पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत २७ मार्च २०२० रोजी झालेल्या केअर्स कायद्याने उच्च शिक्षणासाठी सुमारे १४ अब्ज डॉलर दिले गेले आणि महाविद्यालयांना थेट मिळालेल्या वाट्यातील किमान निम्मी रक्कम विद्यार्थ्यांच्या हाती रोख अनुदान म्हणून द्यावी, असे बंधन घातले गेले. भोजन, निवास, संगणक, आरोग्य, बालसंगोपन अशा खर्चांसाठी ती होती. पैसा होता, इच्छाही होती. तरी वाद झालाच. कोणाला द्यायचे, या प्रश्नावर जून २०२० मध्ये तेथील शिक्षण विभागाने नियम केला की, संघराज्याच्या नेहमीच्या विद्यार्थी-साहाय्यास जे पात्र आहेत त्यांनाच हे मिळेल. त्यामुळे परदेशी विद्यार्थी वगळले गेले, आणि त्यांत आपल्याकडून, प्रसंगी शेतजमीन गहाण ठेवून शिकायला गेलेली मुलेही आली. कॅलिफोर्नियातील सामुदायिक महाविद्यालये या नियमाविरुद्ध न्यायालयात गेली. मे २०२१ मध्ये नियम बदलला आणि महासाथीत शिकत असलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला साहाय्य देता येईल असे ठरले. एवढ्या समृद्ध देशालाही ‘आधी पात्रता की आधी गरज’ हे ठरवण्यास वर्ष लागले.

मला त्याहून उपयुक्त वाटली ती वाटपाची पद्धत. काही महाविद्यालयांनी अर्ज मागवले. काहींनी अर्जच मागवले नाहीत; अल्प उत्पन्न गटातील म्हणून आधीच पडताळलेल्या विद्यार्थ्यांची यादी त्यांच्याकडे होती, तिच्यावरून त्यांनी थेट खात्यांत रक्कम भरली. अशा वाटपात विद्यार्थ्याला काहीच सिद्ध करावे लागत नाही. महासाथीच्याही आधी, २०११ पासून, अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठ याच वाटेने जात आले आहे. थोड्याशा थकबाकीपायी नाव कमी होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना विद्यापीठ स्वतः शोधते आणि साधारणतः हजार डॉलरच्या आतली रक्कम देऊन त्यांचे सत्र वाचवते. विद्यार्थी अर्ज घेऊन येत नाही. विद्यापीठ त्याच्याकडे जाते.

आपल्याकडे ही दृष्टी नवी नाही. कर्मवीरांनी ऑक्टोबर १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती इन्फ्लुएन्झाच्या महासाथीच्या आणि अवर्षणाच्या पाठोपाठच्या वर्षात. वसतिगृहातील मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले, हे महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेत सांगितले जाते. त्या माउलीने धान्य देण्यापूर्वी कोणाचा दाखला पाहिल्याचे मात्र कोणी सांगत नाही. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती उभी केली, तिनेही खेड्यातून येणाऱ्या मुलाचे जेवण आणि निवारा हीच शिक्षणातील खरी अडचण मानली.

आता आपल्या रुग्णालयाकडे येतो. विश्वस्तांना ठाऊकच आहे, परंतु येथे रुग्णांचे नातेवाईक बसले आहेत म्हणून सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशाने धर्मादाय रुग्णालयांसाठी एक योजना लागू झाली. तिच्यानुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखायच्या; एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची. तहसीलदारांचा दाखला, शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेखालील कार्ड पाहून वैद्यकीय समाजसेवक पात्रता ठरवतात. या योजनेतील एक कलम मला फार थोर वाटते. तातडीच्या प्रसंगी रुग्णाला तत्काळ दाखल करून घ्यावे, प्रकृती स्थिर होईपर्यंत आवश्यक उपचार द्यावेत आणि निर्धन रुग्णाकडून अनामत रक्कम मागू नये. उपचार आधी, कागद नंतर. रुग्णाच्या बाबतीत हे तत्त्व आपण मान्य केले आहे, कायद्याने आणि मनानेही. माझी विनंती एवढीच, की त्याच खाटेशेजारी बसलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीतही ते मान्य व्हावे.

वडिलांना निर्धन किंवा दुर्बल घटकातील म्हणून रुग्णालयाने एकदा स्वीकारले, म्हणजे त्या घराची आर्थिक पडताळणी झालेली आहे. तीच पडताळणी मुलीसाठी पुन्हा का करावी? वैद्यकीय समाजसेवकांनी नातेवाइकांशी बोलताना एक प्रश्न अधिक विचारावा : घरात महाविद्यालयात शिकणारे कोणी आहे काय? असेल, आणि कुटुंबाची संमती असेल, तर महाविद्यालयाचे ओळखपत्र पाहून, एका पानाच्या अर्जावर, दोन दिवसांत साहाय्य द्यावे. कुटुंबाच्या संमतीवाचून रुग्णाविषयीचा एक शब्दही महाविद्यालयाकडे जाता कामा नये, हे सांगणे डॉक्टरांसमोर आगाऊपणाचे आहे; तरी सांगतो. जे घर या दोन गटांत बसत नाही, पण ज्याचा धंदा या महिन्यात बसला आहे, त्याच्यासाठी समाजसेवकांचा आणि महाविद्यालयातील एका अध्यापकाचा अभिप्राय पुरेसा मानावा. उत्पन्नाच्या दाखल्याची उणीव मी मघाशी सांगितलीच.

यात कायद्याची एक मर्यादा स्पष्ट असू द्यावी. निर्धन रुग्ण निधी रुग्णांच्या उपचारांसाठीच आहे. त्यातील एक रुपयाही विद्यार्थ्यांकडे वळवता येणार नाही आणि वळवू नये. विद्यार्थी निधीसाठी स्वतंत्र खाते, स्वतंत्र पावतीपुस्तक आणि त्या हेतूसाठीच दिलेल्या देणग्या हव्यात. न्यासाच्या उद्देशांत शिक्षण-साहाय्याचा अंतर्भाव आहे की नाही, हे सनदी लेखापालांकडून व विधिज्ञांकडून तपासून घ्यावे. नसेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या मार्गाने जावे, किंवा एखाद्या शिक्षण संस्थेच्या निधीशी सहकार्य करावे. हे काम रुक्ष आहे, पण ते आधीच केले पाहिजे. पुढची आपत्ती आल्यावर घटना-दुरुस्ती करीत बसणे शक्य होणार नाही.

देणगीदारांच्या मनातील एका शंकेला उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. कागद न मागता पैसे दिले तर गैरवापर होईल. थोडा होईल, हे मी मान्य करतो. कोणी मोबाइल दुरुस्तीसाठी घेतलेल्या पैशातून घरी किराणा भरील. ज्या घरात पीठ नाही त्या घरातील विद्यार्थ्याने किराणा भरला, तर तो निधीचा अपव्यय आहे असे मला वाटत नाही. आपले मत वेगळे असू शकते. दुसरे असे, की रक्कम लहान ठेवल्यास गैरवापराचे नुकसानही लहानच राहते, आणि तेवढ्या रकमेसाठी चार दाखले मागवायचे तर विद्यार्थ्याचे जाण्या-येण्याचे भाडे, झेरॉक्स आणि बुडालेली मजुरी मिळून मदतीचा मोठा हिस्सा तेथेच संपतो. लेखापरीक्षण अवश्य व्हावे. अर्ज, दोन सह्या, बँकेची नोंद एवढे पुरेसे आहे. विद्यार्थ्याला बिले जोडायला लावू नयेत.

आणि छायाचित्रे. हा विषय नाजूक आहे, कारण हे व्याख्यान ज्या वार्षिक अहवालात छापले जाईल त्यातच आपण अनेक छायाचित्रे छापतो. देणगी कोठे गेली हे पाहण्याचा देणगीदाराला अधिकार आहे. नव्या यंत्राचे, नव्या कक्षाचे छायाचित्र जरूर छापावे. परंतु एकोणीस वर्षांच्या मुलीला व्यासपीठावर बोलावून, हातात मोठा धनादेश देऊन काढलेले छायाचित्र तिच्या वर्गातील प्रत्येकाच्या मोबाइलवर संध्याकाळपर्यंत पोहोचते. ते एकदा झाले की पुढच्या वर्षी खरी गरजू मुलगी आपल्याकडे येणार नाही. ती शिक्षण सोडील, पण येणार नाही. अहवालात विद्यार्थ्यांची संख्या, एकूण रक्कम आणि त्यांपैकी किती जण पुढील सत्रात वर्गात आहेत, हे तीन आकडे द्यावेत. देणगीदारांनी तेवढ्यावर समाधान मानावे, अशी मी आपणा सर्वांना हात जोडून विनंती करतो.

मुलींच्या शुल्काबाबत २०२४ च्या जुलैपासून राज्य शासनाने मोठे पाऊल उचलले आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळते. मग आपल्या निधीची गरज काय, असे कोणी म्हणेल. खोलीचे भाडे, खानावळ, प्रवास आणि आजारी वडिलांजवळ दोन महिने थांबल्याने बुडालेली मजुरी यांतील काहीच त्या सवलतीत येत नाही.

शेवटी सभेपूर्वी एका विश्वस्तांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि आपली रजा घेतो. त्यांनी विचारले, मंजुरी कोणी द्यायची? मंडळाची बैठक तर तीन महिन्यांनी होते. माझे म्हणणे असे, की ठरावीक रकमेपर्यंतचा अधिकार मंडळाने एका ठरावाने वैद्यकीय समाजसेवक आणि एक विश्वस्त या दोघांना द्यावा आणि दिलेल्या रकमांची माहिती पुढील बैठकीत घ्यावी. तो विश्वस्त गावात राहणारा असावा. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत कित्येकदा सोमवारी संपते, आणि रविवारी संध्याकाळी सही करायला कोणीतरी येथे असले पाहिजे.